रंगाखालचे लोखंड

रंगकामाची स्तुती करताना आपण बहुधा रंगाचीच स्तुती करतो. फाटक किती झळझळीत दिसते, जिना किती नवा वाटतो, असे म्हणतो. त्या रंगाखाली लोखंड कोणत्या अवस्थेत आहे, याची विचारपूस सहसा कोणी करीत नाही. वास्तविक लोखंडाचे पुढील आयुष्य पुष्कळसे ठरते ते रंगाचा डबा उघडण्यापूर्वीच.

बारामती-इंदापूरच्या परिसरात राहणाऱ्यास हा विषय परका नाही. ऊस हा या भागाचा प्राण. गळीत हंगाम संपला की ऊस वाहून थकलेल्या ट्रॉल्या वर्कशॉपच्या दारात येऊन उभ्या राहतात. आंबलेला रस, चिखल आणि पहाटेचे दव यांनी त्यांच्या चासीला तांबूस पापुद्रे सुटलेले असतात. इंदापूर रस्त्यावरील एका वृद्ध मिस्त्रींचे काम पाहत मी अनेक दुपारी घालविल्या आहेत. गिऱ्हाईक रंगाची घाई करू लागले की ते माझ्याकडे पाहून म्हणत, "सर, रंगाचं काय, घटकाभराचं काम. खालचं घासणं दोन दिसांचं. पैसं मात्र लोक रंगाचं देत्यात!"

त्यांच्या कामाचा क्रम कधी बदलत नसे. प्रथम थिनरच्या फडक्याने तेल व ग्रीस पुसायचे. कारण ग्रीस तसेच ठेवून ब्रश चालविला, तर ते सर्वत्र पसरते. मग सुटलेले पापुद्रे पत्र्याने खरवडायचे, तारेचा ब्रश चालवायचा आणि शेवटी पॉलिश पेपर. नव्या अँगलवरील निळसर-काळी गुळगुळीत खपलीदेखील ते काढून टाकीत. ती दिसते लोखंडासारखीच. परंतु भट्टीच्या उष्णतेत तयार झालेला तो ऑक्साइडचा थर असतो. कालांतराने तो सुटतो आणि वरचा रंगही आपल्यासवे घेऊन जातो.

एवढ्या खटाटोपाचे कारण गंजाच्या स्वभावात आहे. ॲल्युमिनियमवर चढणारा ऑक्साइडचा थर घट्ट बसून आतील धातूचे रक्षण करतो. लोखंडाच्या गंजाला ते साधत नाही. तो सच्छिद्र असतो, पाणी धरून ठेवतो आणि मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो. म्हणूनच रंगाखाली राहिलेला गंज रंगाला आतून उचलतो. बाहेर फुगा दिसतो, तेव्हा आत बरेच काही घडून गेलेले असते.

या भागात आणखी एक शत्रू आहे: मीठ. नीरा डावा कालवा १८८० च्या दशकात सुरू झाला आणि या दुष्काळी पट्ट्यात पाणी आले. पाण्याबरोबर, काळ्या जमिनीचा निचरा न झाल्याने, क्षारही वर आले. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मान यांनी ताम्हणे यांच्यासह नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर लिहिलेली पुस्तिका १९१० साली प्रसिद्ध झाली. जमिनीची ही व्यथा लोखंडापर्यंतही पोहोचते. खारवट विहिरीच्या पाण्याने ट्रॉली धुतली, तर पाणी वाळते आणि क्षार मागे राहतात. डोळ्यांना ते दिसत नाहीत. परंतु रंगाच्या थरातूनही ते ओलावा आत ओढून घेतात आणि त्या ओलाव्यात गंजण्याची क्रिया वेगाने चालते. म्हणून मिस्त्री शेवटचे धुणे गोड्या पाण्याने करीत, लोखंड कोरडे खडखडीत करीत आणि त्याच दिवशी प्रायमरचा पहिला हात देत. उघडे लोखंड त्यांनी कधी रात्रीच्या दवात ठेवले नाही.

कोपऱ्यांत, जिथे ब्रश पोहोचत नाही, तिथे रसायनाची मदत घेता येते. फॉस्फोरिक आम्ल उरलेल्या पातळ गंजाचे लोहाच्या फॉस्फेटमध्ये रूपांतर करते. टॅनिन त्याला काळे, स्थिर रूप देते. हिरडा आणि हिराकस यांपासून शाई करणाऱ्या आपल्या पूर्वजांना लोह व टॅनिन यांचे हे सख्य ठाऊक होते. मात्र हा उपाय घट्ट बसलेल्या पातळ गंजापुरता आहे. सुटलेल्या पापुद्र्यांवर तो लावणे व्यर्थ. आम्ल हाताळताना हातमोजे आणि चष्मा हवाच.

प्रायमरची कथाही मननीय आहे. पूर्वी लोखंडाला शेंदराचा हात देत. तो शिशाचा असल्याने विषारी. म्हणून जुन्या फाटकावरील रंग कोरडा घासू नये, ओला करून घासावा आणि मुलांना दूर ठेवावे. आज आपल्याकडे सर्रास वापरतात ते रेड ऑक्साइड. त्याचा तांबडा रंग लोहाच्या ऑक्साइडचाच, म्हणजे गंजाच्याच कुळातला. जे मोकाट असता लोखंड खाते, तेच तेलात बांधले की त्याच्यावर पांघरूण घालते! कडा, वेल्डिंगचे सांधे आणि पाणी साचणारे तळ यांना मिस्त्री दोन हात अधिक देत. गंजाची सुरुवात बहुधा तिथूनच होते.

पृथ्वीवरील धनाला कसर आणि गंज लागतो, हा प्रभूचा इशारा आपण अनेकदा ऐकला आहे. तो ऐकताना डोळ्यांपुढे तिजोरी येते, ट्रॉलीचा हूक येत नाही. परंतु हंगामात उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या एकाच ट्रॅक्टरमागे रस्त्याने जातात. उसाच्या मोळ्यांवर कधी तोडकरी कुटुंबातील बायका-मुलेही बसलेली असतात आणि हा सारा भार एका हुकावर ओढला जात असतो. १५ जून २०२५ रोजी आपल्याच जिल्ह्यातील मावळ तालुक्यात, कुंडमळा येथे, इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल कोसळला आणि चार जणांचे प्राण गेले. त्या वेळी पर्यटकांच्या गर्दीची चर्चा झाली, तशीच त्या पुलाच्या जीर्णावस्थेचीही झाली. जीर्ण झालेल्या लोखंडाला माणसाची दया येत नाही.

गंजाने फार खाल्लेला हूक आला, तर मिस्त्री त्याला रंग लावण्यास सरळ नकार देत. "ह्यो बदला, मग रंगवू," एवढेच म्हणत. काही गिऱ्हाइके चिडून शेजारच्या दुकानी जात. त्या एका वाक्याने त्यांचे किती रुपये बुडाले, याचा हिशेब मांडता येईल. किती जीव वाचले, हे मात्र कोणाला कधीच कळणार नाही.