वेशीबाहेरची नदी

१२ जानेवारी २०२५, बोरिवली

ठरलं. एप्रिलमध्ये हिमाचलातली तीर्थन नदी. दादा मुलुंडला, मी बोरिवलीला, मध्ये संजय गांधी उद्यानाचं जंगल. त्याला वळसा घालून आज तो आला तो फ्लाय फिशिंगचा रॉड घेऊनच. नऊ फुटी, चार तुकड्यांचा, पाच नंबरचा. बाबांनी तो हातात घेऊन झुलवून पाहिला आणि विचारलं, "अरे, ह्याला शिसं कुठे बांधायचं?"

बाबांनी मालवणात आयुष्यभर गरवलं ते शिसं आणि कोळंबीवर. दादाने त्यांना समजावलं की इथे वजन दोराचंच असतं. फ्लाय म्हणजे गळावर गुंडाळलेलं पीस आणि धागा, तो इतका हलका की नुसता फेकला तर पायाशीच पडेल. म्हणून फेकायचा तो जाड दोर. त्याच्या टोकाला निमुळती होत गेलेली नायलॉनची लीडर, आणि फ्लाय तिच्यामागून जातो. बाबा बराच वेळ दोर बोटांत फिरवत बसले होते.

१९ जानेवारी

सकाळी उद्यानात, दहिसर नदीच्या काठाने. इथे गळ टाकायला बंदी आहे आणि ती असायलाच हवी. मी गेले होते ते पाणी वाचायला. जानेवारीत धार बारीक होते, तरी दगडामागे पाणी कुठे थबकतं, कुठे दोन धारा मिळून मध्ये फेसाची रेघ धरतात, हे दिसतं. ट्राउट अशाच जागी उभा राहतो. तोंड प्रवाहाकडे, अंग दगडाच्या आडोशाला, म्हणजे ताकद वाचते आणि खाणं आपोआप तोंडाशी वाहत येतं. त्यामुळे त्याच्याकडे जायचं ते खालच्या अंगाने, पाठीमागून.

तुळशी तलावाच्या बाजूने येणारी ही नदी उद्यानात अजून नदी आहे. कुंपण ओलांडून वस्तीत शिरली की थोड्याच अंतरात तिचा नाला होतो. तीर्थनचं गणित यावरूनच समजतं. ती ज्या जंगलातून खाली येते ते ग्रेट हिमालयन नॅशनल पार्क १९९९ साली राष्ट्रीय उद्यान झालं, २०१४ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. ७५४ चौरस किलोमीटरचं हे उद्यान आपल्या उद्यानाच्या सातपट. त्याच्या आतही मासेमारी नाही. गळ टाकायचा तो वेशीखाली, गुशैणीपासून बंजारच्या दिशेने, हिमाचलच्या मत्स्य विभागाचा परवाना काढून. खालच्या पाण्यात मासा टिकून आहे तो वरचं जंगल आणि बर्फ शाबूत आहे म्हणून. पाणी वीस अंशांच्या वर तापायला लागलं की ट्राउट हैराण होतो.

९ फेब्रुवारी, पवई

दादा इथल्या अँगलिंग असोसिएशनचा सभासद, म्हणून काठावर सराव करता आला. गळाऐवजी लाल लोकरीचा तुकडा बांधला. रॉड मागे नेऊन घड्याळातल्या एकच्या जागी थांबवायचा, दोर पाठीमागे पूर्ण सरळ होईपर्यंत वाट पाहायची, मगच पुढे आणायचा. ही वाट पाहणंच अवघड. घाई केली की चाबकासारखा फट्ट आवाज होतो, आणि टोकाला फ्लाय असता तर तो तुटून गेला असता. दहाच्या सुमारास एकदा दोर डोक्यावरून सरळ गेला आणि लोकर पाण्यावर न वाजता टेकली. मनगट अजून दुखतंय. समोर जलपर्णीच्या कडेला एक मगर ऊन खात पडली होती, त्यामुळे पाण्यात पाय घालायचा प्रश्नच नव्हता.

जलपर्णीवरूनच ठरवलं की पवईला वापरलेले बूट तीर्थनला न्यायचे नाहीत. एका पाण्यातलं बी-बियाणं, किडे, रोग दुसऱ्या पाण्यात नेणारे आपणच असतो.

११ फेब्रुवारी

आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं. सकाळी आठला बसले आणि १२ एप्रिलची पश्चिम एक्स्प्रेस मिळाली, बोरिवली ते अंबाला. तिथून चंदीगड, मग मनालीची बस. औटच्या बोगद्याआधी उतरायचं आणि बंजारची गाडी धरायची.

२३ फेब्रुवारी

दिवसभर फ्लाय बांधले. मालवणहून मामांनी गावठी कोंबड्याच्या मानेची पिसं पाठवली होती, तपकिरी, कडक, चमकदार. ब्रॉयलरच्या पिसात तो ताठपणा नसतो. देव्हाऱ्यातल्या मोरपिसाचा एकेक तंतू काढून गळाच्या देठावर गुंडाळला. प्रकाशात धरला की हिरवा, तिरका केला की तांबूस, आणि तंतूवरची बारीक लव पाण्यात किड्याच्या पायांसारखी हलते. जगभरचे फ्लाय बांधणारे मोराचा तंतू वापरतात, तो या चमकेसाठी आणि लवेसाठी.

प्रत्येक गळाचा काटा पकडीने दाबून सपाट केला. बाबा बघत होते. "मासा सोडूनच द्यायचा, तर पकडायचा कशाला गं?" प्रश्न रास्त आहे. मी म्हटलं, त्याच्या जवळ जायला दुसरा रस्ता मला येत नाही, आणि सपाट काट्याने जखम लहान राहते. बाबांना हे पटलं नाही. मासा खाण्यासाठीच धरावा, एरवी त्याच्या वाटेला जाऊ नये, असं त्यांचं म्हणणं. त्यातही मान आहे, म्हणून मी वाद घातला नाही.

२ मार्च

काल मोसम उघडला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउटच्या विणीचा काळ म्हणून बंदी असते. पण परवा कुल्लूत इतका पाऊस झाला की नाले उफाळून गाड्या वाहून गेल्या. गुशैणीला फोन केला. पाणी गढूळ आहे, एप्रिलपर्यंत निवळेल म्हणाले. मे-जूनमध्ये बर्फ जोरात वितळायला लागलं की ते पुन्हा दुधाळ होतं, म्हणून मधले हेच आठवडे.

रात्री वाचत बसले. कुल्लूत ब्राउन ट्राउट आणला तो हॉवेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने, १९०९ साली, काश्मीरहून अंडी आणून. म्हणजे मासा उपराच. तिथला मूळचा मासा तो असेला, आणि त्याच्या वाट्याचं खाणं आणि जागा या पाहुण्याने घेतली. ट्राउटचं कौतुक करताना हे विसरता कामा नये. पण नदी वाचली ती हॉवेलमुळे नाही. बंजारचे माजी आमदार दिलाराम शबाब तीर्थनवरच्या वीजप्रकल्पांविरुद्ध वर्षानुवर्षं लढले, कोर्टात गेले, आणि प्रकल्प रद्द झाले. पर्यटकांच्या माहितीपत्रकात त्यांचं नाव पहिल्या पानावर असायला हवं.

२३ मार्च

दादाशी फोनवर वाद. त्याला सगळे दिवस रॉड हातात हवा. मला एक दिवस उद्यानात हवा, साईरोपाला प्रवेशपरवाना काढून, गुशैणीहून चालत रोलापर्यंत, रॉड खोलीवर ठेवून. ज्या जंगलाच्या जिवावर आपण खाली गळ टाकणार, ते एकदा पाहून यायचं, आणि तेही पहिल्याच दिवशी. "अगं, पण हवा चांगली मिळाली आणि तो दिवस नेमका फिशिंगचा निघाला तर?" मी म्हटलं, तरीही. शेवटी तो हो म्हणाला. आता साईरोपाला फोन करून गाईडचं विचारायचं आहे.