अंत्य इकार

केंद्रीय हिंदी निदेशालय असलेल्या आर. के. पुरममध्ये एक मराठी गृहस्थ हिंदी मुद्रिते तपाशीत. दिवसभर ‘कवि’, ‘शक्ति’ असे ऱ्हस्वान्त लिहिणारा हात रात्री घरच्या पत्रातही तसाच चाले. सांगलीचे शिक्षक वडील ती पत्रे तांबड्या शाईने दुरुस्त करून परत पाठवीत. मजकुराला उत्तर क्वचितच असे.

वडिलांच्या पश्चात ट्रंकेत त्यांची १९५८ सालची वही निघाली. तीत सर्वत्र ‘कवि’, ‘शक्ति’! असे तत्सम शब्द मराठीत दीर्घान्त झाले ते साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी. हिंदीत ते होते तसेच राहिले. (‘कविराज’ मात्र मराठीतही ऱ्हस्वच, हे विद्यार्थ्यांच्या गळी कोणी उतरवावे?) वडील ज्याला दिल्लीची बाधा म्हणत, ते त्यांचेच जुने वळण होते.

तांबड्या शाईचे शेवटचे पत्र गृहस्थांनी त्या वहीतच ठेवून दिले.