पाया लेबारची रेकॉर्ड

पाया लेबार म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांच्या लेखी गाडी बदलायचं ठिकाण. ईस्ट-वेस्ट लाइनवरून उतरायचं, गर्दीबरोबर सरकत्या जिन्याने सर्कल लाइन गाठायची, संपला संबंध. मीही बारा वर्षं तेच केलं. स्टेशनच्या बाहेर पडायला लागले ते लेकीमुळे, आणि तेही जुन्या रेकॉर्डींसाठी.

मलायमध्ये 'पाया' म्हणजे दलदल आणि 'लेबार' म्हणजे रुंद. त्या रुंद दलदलीचा आता मागमूस नाही. स्टेशनपाशी २०१९ साली उघडलेला चकचकीत मॉल आहे, एका हाताला गेलांग सराईचा मलाय बाजार. आम्ही मात्र तिकडे न वळता पाया लेबार रोडने उत्तरेकडे चालत सुटतो. कालवा ओलांडायचा, एक्स्प्रेसवेच्या खालून जायचं, मॅकफर्सन मागे टाकायचं. मग गॅरेज, छापखाने, बेकऱ्यांची कोठारं असलेल्या औद्योगिक इमारती सुरू होतात. मधूनच डोक्यावरून लढाऊ विमान कानठळ्या बसवत जातं, कारण जुना विमानतळ आता हवाई दलाकडे आहे.

तो विमानतळ सुरू झाला २० ऑगस्ट १९५५ला. त्याच वर्षी १ एप्रिलला पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं होतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण मला त्या जोडीने आठवतात. १९८१मध्ये चांगी सुरू होईपर्यंत विमानाने आलेलं प्रत्येक मराठी कुटुंब इथेच उतरलं. मोजक्या वजनाच्या सामानात लोणच्याची बरणी, देव, आणि कुणाकुणाच्या हातातल्या पिशवीत साड्यांच्या घड्यांमध्ये जपून ठेवलेल्या रेकॉर्डी असणार.

आमचं गोदाम अशाच एका इमारतीत आहे. मालाच्या लिफ्टने वर जायचं, लोखंडी दार ढकलायचं. आत छतापर्यंत खोकी, पुठ्ठ्याचा कुबट वास, आणि एक टेबलफॅन. लावून ठेवण्याची पद्धत मालकालाच ठाऊक. चिनी ऑपेरा, तमिळ चित्रपट आणि बीटल्स एकाच खोक्यात नांदतात. पहिल्या दिवशी लेकीने पी. रामलीची रेकॉर्ड उचलली. त्याच्या 'हांग तुआ' या १९५६च्या चित्रपटाचे दिग्दर्शक फणी मजुमदार, म्हणजे आपल्या मुंबईच्या हिंदी चित्रपटसृष्टीतले, हे मी तिला सांगितलं. "आई, हे तुला कुठल्या प्लेलिस्टमध्ये मिळालं?" तिचा प्रश्न.

ती सोळा वर्षांची आहे. स्पॉटिफाय सिंगापुरात आलं २०१३मध्ये, तेव्हा ती बालवाडीतही नव्हती. एचएमव्हीचं इथलं शेवटचं दुकान २०१५मध्ये बंद झालं, ते तिला आठवतही नाही. गाणं नळाच्या पाण्यासारखं येतं, अशाच घरात ती वाढली. आणि आता तीच खाऊच्या पैशांतून अल्बम विकत घेते. नव्या मुलांचे बँडकॅम्पवरून, कारण तिथे डिजिटल विक्रीतले साधारण १५ टक्के कंपनी ठेवते आणि बाकीचे बहुतांश गाणाऱ्याला मिळतात. फाइल आपल्याकडे राहते, वर्गणी बंद केली म्हणून ती नाहीशी होत नाही. जुन्यासाठी हे गोदाम. मला आधी ही फॅशन वाटली. मोठाली जॅकेटं भिंतीला लावायची हौस, दुसरं काय!

मग एक दिवस तिने विचारलं, "आजोबा काय ऐकायचे?"

इथे मला माझी गोष्ट सांगावी लागेल. अण्णा मिरजेचे. मिरज म्हणजे सतारींचं गाव, अब्दुल करीम खाँसाहेबांचं गाव. दर्ग्याच्या उरसात रात्र रात्र गाणं ऐकून अण्णा पहाटे घरी येत, आणि येताना एखादी कॅसेट घेऊन येत. कंपन्यांच्या कॅसेटी तर होत्याच, पण काही अशा की गावातल्याच कुणीतरी पदरमोड करून काढलेल्या, झेरॉक्स केलेलं वेष्टन, आत गायकाने स्वतः लिहिलेली बंदिश. प्रत्येक कॅसेटवर अण्णांच्या अक्षरात तारीख आणि किंमत. अण्णा गेल्यावर वाडा विकायचा ठरला. दादाचा फोन आला, "दोनशे कॅसेटी आहेत, वीस-पंचवीस रेकॉर्डी. काय करू?" मी ऑफिसात होते. म्हटलं, "सगळं ॲपवर आहे रे, देऊन टाक." दादाने भंगारवाल्याला बोलावलं.

लेकीने विचारल्यावर शोधायला बसले. किशोरीताई मिळाल्या, भीमसेनजी मिळाले, वसंतराव मिळाले. पण तबल्याला कोण, हार्मोनियमला कोण, गीत कुणाचं, चाल कुणाची, याचा बऱ्याच ठिकाणी पत्ता नाही. आपल्या भावगीतांत गीत, संगीत आणि स्वर ही तीन नावं एका दमात घ्यायची रीत. इथे खळेकाका कुठल्या तरी 'विविध कलाकार'च्या पोटात गडप! आणि मिरजेच्या त्या घरगुती कॅसेटी? एकही नाही. असणार कशा? त्या कुठल्याच कंपनीच्या नव्हत्या. अण्णांच्या खोक्यात होत्या, एवढंच.

दादाला मी अजून हे सांगितलेलं नाही. चूक त्याची नव्हतीच.

बसमध्ये, स्वयंपाक करताना मी आजही ॲपच लावते. नाही कशाला म्हणू? पण गेल्या श्रावणात गोदामात तमिळ रेकॉर्डींच्या खोक्यात लेकीला किशोरीताईंची ती प्रसिद्ध एलपी सापडली, एका बाजूला बागेश्री, दुसऱ्या बाजूला भूप. मालकाने वीस डॉलर सांगितले, मी घासाघीस केली नाही. घरी आणून लावली. वीसेक मिनिटं मध्ये कुणी जाहिरात घुसवत नाही, 'पुढचं' असं बटण नाही, बाजू संपली की उठून उलटावी लागते. लेक जमिनीवर बसून जॅकेट वाचत होती. ती म्हणाली, "आई, इथे मराठीत लिहिलंय."

जॅकेटच्या मागे, कोपऱ्यात, निळ्या शाईत: '... हिस, सप्रेम. दिवाळी १९७८, सिंगापूर.' खाली सही. वळणदार अक्षर, शाळामास्तरी. वरचं नाव मुद्दामच इथे छापत नाही. ती बाई इथे कुठे राहिली, ही रेकॉर्ड कुणी कधी विकली, मालकाला विचारलं तर त्याने खांदे उडवले. घर रिकामं करताना खोकी येतात, तो म्हणाला. तिच्याही मुलांनी कुणाला तरी फोनवर सांगितलं असेल, सगळं ॲपवर आहे म्हणून.

१९७८च्या सुमारास तुमची आई, आजी किंवा मामी सिंगापुरात असेल, आणि तिच्याकडे किशोरीताईंची ही रेकॉर्ड होती असं घरात कुणाला आठवत असेल, तर संपादकांकडे निरोप ठेवा. नाव तुम्ही सांगायचं, अक्षर आम्ही दाखवू. रेकॉर्ड तुमचीच आहे. भूपच्या बाजूला एका ठिकाणी सुई अडखळते, तेवढं सांभाळून घ्या. न्यायला येताना पाया लेबारलाच भेटू.