नकार कळवणारे

'कनेक्शन रिफ्यूज्ड' अशी ओळ स्क्रीनवर आली की माझा जीव भांड्यात पडतो. शेजारी बसलेला माणूस वैतागलेला असतो, कारण त्याच्या लेखी काम अडलेलंच असतं. पण त्या एका ओळीतून मला बहुतेक सगळं कळलेलं असतं. केबल ठीक आहे, स्विच चालू आहे, राउटरला रस्ता माहीत आहे, पलीकडचं मशीन जागं आहे. फक्त आपण ज्या पोर्टवर गेलो तिथे ऐकायला कुठला प्रोग्रॅम बसलेला नाही. तो सुरू केला की झालं.

खरी डोकेदुखी 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'ची. पॅकेट गेलं, पण ते कुठे अडलं, पोचलं की नाही, उत्तर निघालं आणि वाटेत हरवलं का, काहीच पत्ता लागत नाही. नेटवर्कच्या कामात बरीच वर्षं काढल्यावर मी प्रत्येक प्रोटोकॉलकडे याच नजरेने बघायला लागलो. त्याचं काम काय, हे कुठल्याही पुस्तकात मिळतं. काम झालं नाही तर तो ते कळवतो का आणि कोणाला कळवतो, हे कळलं की दुरुस्ती करता येते.

डीएचसीपीचं बघा. मशीन सुरू झालं की सगळ्या लॅनला विचारतं, मला पत्ता कोण देतंय? सर्व्हर एक पत्ता देऊ करतो, मशीन तो मागून घेतं, सर्व्हर शिक्कामोर्तब करतो. चार निरोपांत व्यवहार संपतो. पण सर्व्हरच बंद असेल तर नाही म्हणायलाही कोणी नसतं. मग विंडोज थोडा वेळ वाट पाहून १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेऊन बसतं. फोनवर कोणी नुसतं 'एकशे एकोणसत्तर' म्हणालं की पुढचं ऐकायची गरज उरत नाही. एआरपीतही नकाराची सोय नाही. हा आयपी कोणाचा, असं सगळ्यांना विचारायचं आणि ज्याचा असेल त्यानेच बोलायचं. डीएनएस त्या मानाने फार स्पष्ट. नाव अस्तित्वात नसेल तर तसं सांगतो, शिवाय हे 'नाही' किती वेळ लक्षात ठेवायचं तेही सांगतो. वेबपानावरचा ४०४ हासुद्धा पूर्ण उत्तर असतो. तो दिसला म्हणजे खालचे सगळे प्रोटोकॉल आपापलं काम करून मोकळे झालेले आहेत.

वाईट बातमी पोचवणं हेच मुख्य काम असलेला प्रोटोकॉल म्हणजे आयसीएमपी. लोकांना त्यातलं पिंग तेवढं माहीत असतं. ते माइक मूस यांनी डिसेंबर १९८३मध्ये अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेत लिहिलं. पण मला जास्त मोह आहे तो व्हॅन जेकबसन यांच्या ट्रेसरूटचा. प्रत्येक पॅकेटवर आयुष्याचा एक आकडा असतो. दर राउटरवर तो एकने कमी होतो, शून्यावर आला की तो राउटर पॅकेट टाकून देतो आणि तसं आयसीएमपीने पाठवणाऱ्याला कळवतो. ट्रेसरूट मुद्दाम एक, मग दोन, मग तीन असं आयुष्य देऊन पॅकेटं मरायला पाठवतं आणि परत आलेल्या निरोपांवरून वाटेतले राउटर एकेक करून दाखवतं. अख्खा नकाशा नकारांतून तयार होतो. इतकी सुंदर युक्ती या धंद्यात मला दुसरी दिसलेली नाही.

आणि नेमका हाच आयसीएमपी लोक सुरक्षेच्या नावाखाली बंद करून टाकतात. एका पतसंस्थेच्या तालुक्याच्या शाखेतून तक्रार आली होती की लॉगिन होतं, पण खातेउतारा उघडताना स्क्रीन गोठते. पिंग व्यवस्थित येत होतं, त्यामुळे लाइन चांगली आहे असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. मी मुख्य कार्यालयाच्या सर्व्हरवरून, पॅकेटचे तुकडे करायचे नाहीत अशी अट घालून, शाखेकडे मोठं पिंग सोडलं. १४७२ बाइट टाकले तर उत्तर नाही. १४६४ टाकले तर लगेच आलं. त्यात २८ बाइट हेडरचे मिळवा. म्हणजे १५०० जात नाही, १४९२ जातं. शाखेची लाइन पीपीपीओई होती आणि तिथे आठ बाइट त्या प्रोटोकॉललाच लागतात. लॉगिनचं पान हलकं, ते निघून जायचं. उतारा मात्र पूर्ण भरलेल्या पॅकेटांतून यायचा आणि अडायचा. मधला राउटर बिचारा प्रत्येक वेळी कळवत होता की पॅकेट मोठं आहे, १४९२चं करून पाठवा. पण मुख्य कार्यालयाच्या फायरवॉलवर पिंग सोडून बाकीचं आयसीएमपी बंद होतं. सर्व्हर तेच पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राहिला. फायरवॉलमध्ये एक नियम घातल्यावर उतारे उघडू लागले.

काही वेळा निरोप येत नाही हाच निरोप समजावा लागतो. ऑक्टोबर १९८६मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचा बर्कली परिसर यांच्यातला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला. दोन ठिकाणांत अंतर होतं चारशे यार्ड. पोच येईना म्हणून मशीनं तीच पॅकेटं पुन्हा पाठवत होती, त्याने गर्दी आणखी वाढत होती. घाटातल्या अरुंद पुलावर दोन्हीकडच्या गाड्या पुढेच रेटत राहिल्या तर जे होतं, तेच. जेकबसन यांनी १९८८मध्ये मांडलेला उपाय मधल्या राउटरांवर नव्हता, तर पाठवणाऱ्याच्या टीसीपीत, म्हणजे पोच मागून डेटा पाठवणाऱ्या प्रोटोकॉलमध्ये, होता. पोच आली नाही तर गर्दी आहे असं धरायचं, मागे सरायचं आणि मग हळूहळू वेग वाढवायचा. हे पाळलं जातंय का, हे बघायला कोणी पहारेकरी नव्हता. तरीही ते पाळलं गेलं आणि इंटरनेट टिकलं. मला हे आजही विलक्षण वाटतं.

टीसीपीचा भाऊ यूडीपी पोच, गर्दी असं काही बघत नाही. आठ बाइटांचं हेडर लावून तो पॅकेट सोडून देतो. व्हिडिओ कॉलला तेच सोयीचं, कारण उशिरा आलेला आवाजाचा तुकडा ऐकणाऱ्याच्या काही कामाचा नसतो.

कामाला नवीन मुलं आली की मी त्यांना वायरशार्क हा पॅकेटं दाखवणारा प्रोग्रॅम उघडून बंद पोर्टवर जायला सांगतो. विनंती जाते, त्याच क्षणी नकार येतो. मग फायरवॉलमध्ये त्या पोर्टसाठी 'रिजेक्ट'ऐवजी, म्हणजे नकार कळवण्याऐवजी, 'ड्रॉप', म्हणजे गुपचूप टाकून द्यायचा, नियम घालायचा. आता लिनक्स पुन्हा पुन्हा विचारतं, मधला वेळ वाढवत, आणि दोन मिनिटं उलटून गेल्यावर हात टेकतं. बाहेरच्या जगाकडे तोंड करून असलेल्या बाजूला ड्रॉप ठेवायला माझी हरकत नाही. कोण कुठून चाचपडतंय त्याला उत्तर देत बसायचं कारण नाही. पण आतल्या नेटवर्कवर, आपल्याच माणसांना, रिजेक्टच द्यावं.

आयपीव्ही६मध्ये तर आयसीएमपीचे निरोप अडवून चालणारच नाही. तिथे मधला राउटर पॅकेटचे तुकडे करतच नाही, पॅकेट मोठं असेल तर परत कळवतो आणि पाठवणाऱ्याने ते लहान करायचं असतं. आपल्याकडच्या मोबाईलवरची बरीच वाहतूक आता आयपीव्ही६वरूनच जाते. तरी जुन्या फायरवॉलचे नियम जसेच्या तसे उचलून नव्यात चिकटवलेले मला सर्रास दिसतात. म्हणून नवीन साइट हातात घेतली की मी सगळ्यात आधी फायरवॉलच्या नियमांची यादी उघडतो आणि 'पॅकेट टू बिग' या निरोपाला वाट दिली आहे का ते बघतो.