डी.एड.ला घाला म्हटलं होतं

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे.

परवा महाडच्या एस.टी. स्टँडवर एकाने वाकून नमस्कार केला. "बाई, ओळखलंत का?" चेहरा काही आठवेना. नाव सांगितल्यावर मात्र आधी आठवलं ते त्याचं अक्षर. शाळेतलं फलकलेखन कायम त्याच्याकडे असायचं. पोलादपूरकडच्या एका वाडीतला मुलगा.

2007 साली तो बारावी झाला तेव्हा त्याचे वडील सल्ला विचारायला घरी आले होते. मी जराही विचार न करता म्हटलं, "डी.एड.ला घाला. दोन वर्षांत चिकटेल." मी स्वतः 1974 साली बी.एड. झाले आणि महिन्याभरात नोकरी लागली. जिल्ह्याचं नाव तेव्हा कुलाबा होतं. माझं जग तेवढंच. सरकारी विद्यालयात नंबर लागला नाही, म्हणून विनाअनुदानित. फीसाठी वडिलांनी बैलजोडी विकली, हे मला परवा कळलं.

त्या काळात राज्यात डी.एड. कॉलेजं अळंब्यांसारखी उगवत होती. जागा किती निघणार याचा हिशोब कोणी केला नाही, मीही नाही. 2010 च्या सीईटीत तो थोडक्यात राहिला. 2012 मध्ये भरतीच थांबली. 2013 पासून टीईटी आली, ती दुसऱ्या खेपेला सुटली. 2017 ला अभियोग्यता चाचणी, मग पवित्र पोर्टल. (नावं मात्र छान ठेवतात!) तोवर वाडीतली बिऱ्हाडं मुंबईला गेली होती. प्राथमिक शाळेत 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक असा हिशोब. पटच उरला नाही तर पद कुठून येणार?

आणि 2023 साली सरकारने काय केलं, तर जिल्हा परिषद शाळांतल्या रिकाम्या जागांवर निवृत्त शिक्षकांना महिना 20,000 रुपयांवर घ्यायचं ठरवलं, वयाच्या सत्तरीपर्यंत. मी नुकतीच सत्तरी ओलांडली होती, म्हणून तो प्रश्न माझ्यापुढे आला नाही. आला असता तर नाही म्हटलं असतं, असं छातीठोक सांगवत नाही. पेन्शन असूनही.

असो. तो आता एम.आय.डी.सी.त एका केमिकल कंपनीत पॅकिंगला आहे. ड्रमांवर बॅच नंबर टाकतो. "अक्षर कामाला आलं, बाई," म्हणाला आणि हसला. मला हसता आलं नाही. "मी तुला चुकीचं सांगितलं रे," एवढंच म्हटलं.

"तसं नका म्हणू, बाई." त्याची गाडी लागली होती. चढता चढता म्हणाला, डी.एड.च्या पाठांसाठी केलेला गुंडाळी फळा अजून घरी आहे. मुलगी चौथीत आहे, तो भिंतीला टांगून शाळा शाळा खेळते.