देवासचे गाणे, फ्रीगंजचे श्रोते

आमचे वडील ग्वाल्हेर गायकीचे निस्सीम भक्त होते. फ्रीगंजमधील आमच्या घरी रविवारी सकाळी टेपरेकॉर्डर लागे. मात्र आम्ही कुमार गंधर्वांची कॅसेट लावली की ते पानाचा डबा उचलून बाहेर ओट्यावर जाऊन बसत. “हा मनुष्य वाक्यच पुरे करीत नाही,” ही त्यांची तक्रार. आम्ही तेव्हा एम. ए. करीत होतो, आणि त्या वयात असते तेवढीच अक्कल आम्हांस होती. “अण्णा, तुमचे कान जुने झाले,” असे एकदा चार पाहुण्यांदेखत बोलून गेलो. अण्णा काहीच बोलले नाहीत. पुढे रविवारी टेपला त्यांनी आपणहून हात लावला नाही.

तक्रार तशी खोटी नव्हती. संथ आलापांनी राग उलगडावा, क्रमाने बढत व्हावी, शेवटी तानांची बरसात व्हावी, ही ख्यालाच्या श्रोत्याची रास्त अपेक्षा. कुमारजी एखादा टोकदार स्वर लावीत आणि थांबत. १९४८ साली क्षयाने ग्रासलेले असताना ते देवासला आले. त्यानंतर काही वर्षे गाणे बंदच होते. तेव्हा ‘दमच नाही, दुसरे करणार काय?’ असे लोक म्हणत. आम्हांस हे अर्धेच खरे वाटते. दम आजाराने नेला असेल. स्तब्धता त्यांनी निवडली. अंथरुणावर पडल्यापडल्या त्यांनी माळवी स्त्रियांची गाणी ऐकली. (तीच गाणी आपण मराठी मंडळी मोलकरणीची म्हणून कानाआड करीत होतो!) चारपाच स्वरांत फिरणाऱ्या अशा धुनांतच रागाचा उगम आहे, अशी त्यांची धारणा झाली. त्यांतून त्यांनी ‘धुनउगम’ राग बांधले. १९६५ साली ‘अनूपरागविलास’ प्रसिद्ध झाला.

१२ जानेवारी १९९२ रोजी कुमारजी देवासलाच निवर्तले. त्या आठवड्यात आम्ही ‘मधसुरजा’ लावला. अण्णा नेहमीप्रमाणे ओट्यावर. थोड्या वेळाने तेथूनच त्यांनी विचारले, “काय म्हणतोय रे तो?” बळी देण्यास नेलेल्या बकरीची ती विनवणी आहे, असे आम्ही सांगितले.

बराच वेळ अडकित्ता वाजला नाही. मग ते म्हणाले, “बकरी तान कशी घेईल?”

आम्ही आनंदाने दाराशी गेलो. क्षमा मागावयाचीच होती. शब्द ओठांशी आले होते.

“पण बाकीच्यांत मन रमत नाही हो माझे,” अण्णा म्हणाले. एरवी ते आम्हांस ‘अरे-तुरे’च करीत.