पाटा वाढवू नका, कमान चढवा

जुन्या शक्तिमानचा मालक गॅरेजात आला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं. “भाऊ, पुढून बसली आहे, एक पाटा वाढवून द्या नं.” मी सहसा नाही म्हणतो, आणि मग अर्धा तास समजावत बसतो.

शक्तिमान म्हणजे जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर जबलपूरला बनलेला लष्करी ट्रक. 1959 पासून 1996 पर्यंत तो बनत होता. गोंदियाहून बालाघाटमार्गे जबलपूर तसं जवळच, त्यामुळे लिलावात निघालेल्या गाड्या इकडेही आल्या. देवरी-सालेकसाच्या जंगलवाटांवर लाकूड ओढून झालं, आता उरलीसुरली एखाद्या राइस मिलच्या शेडमध्ये हौसेपोटी उभी असते. उभ्या गाडीवरही इंजिनाचं ओझं असतंच. वर्षानुवर्षं ते सोसून पुढची कमान, म्हणजे एकावर एक रचलेल्या पाट्यांची स्प्रिंग, सपाट होते, आणि खड्डा आला की अ‍ॅक्सल थेट चेसिसच्या रबरावर आदळतो.

पण बसलेल्या कमानीचा जोर गेलेला नसतो, उंची गेलेली असते. पाटा किती ताठ राहणार हे त्याच्या जाडी-रुंदी-लांबीवर ठरतं. जाडी दुप्पट केली तर ताठरपणा आठपट होतो. ही मापं बसल्यानं बदलत नाहीत. मग पाटा वाढवला की होतं काय? गाडी उचलल्यासारखी दिसते, पण कडक होते. रिकामी असताना चाकं उडतात, आणि जो धक्का कमानीनं गिळायचा तो चेसिसच्या रिबिटांना बसतो.

म्हणून कमान उतरवायची. सेंटर बोल्ट सोडण्याआधी पूर्ण थप्पी शिकंज्यात घट्ट धरायची. दाबलेले पाटे सुटले तर हात जातो, इथे घाई करणाऱ्याला मी जवळ उभं करत नाही. पाटे सुटे झाले की घासून रॉकेल लावतो, पुसतो, वर खडूची भुकटी मारतो. तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल भुकटीवर ओली रेघ उमटवतं. तसा पाटा भंगारात. त्याला वेल्डिंग करणारेही भेटतात. त्यांच्याशी वाद घालणं मी सोडलं आहे.

मग फरशीवर खडूनं हवी ती वळणरेषा काढायची. पाटा दोन टेकूंवर आतली बाजू वर करून ठेवायचा आणि घणाचे छोटे घाव थोडे थोडे सरकवत मारायचे. एकाच जागी जोर केला तर पाटा मोडल्यासारखा कोन धरतो. दर थोड्या घावांनी तो रेषेवर ठेवून बघायचा. खालच्या आखूड पाट्याला वरच्यापेक्षा जरा जास्त बाक द्यावा लागतो. थप्पी सैल ठेवली की दोन पाट्यांत मधोमध फट दिसली पाहिजे. सेंटर बोल्ट आवळल्यावर ती मिटते आणि पाटे टोकाला एकमेकांना धरून राहतात. नवशिक्यांना ही फट चूक वाटते.

हे सगळं थंड लोखंडावर. गॅसनं लाल करून वाकवणं सोपं, पण पाट्याचं पाणी उतरतं. ते परत चढवायचं तर साधारण साडेआठशे अंशांवर तापवून तेलात बुडवणं आणि पुन्हा साडेचारशे-पाचशेवर नरमवणं आलं, तेही पूर्ण पाटा सारखा. भात्यावर डोळ्यांच्या अंदाजानं ते जमत नाही. आमच्याकडचे लोहार जुन्या पाट्यांचे धान कापायचे उत्तम विळे करतात, पण विळ्याची धार बोटभर असते आणि कमान हातभर.

काम दोन्ही बाजूंचं एकदम करावं, एक बाजू चढवून दुसरी तशीच ठेवू नये. जोडताना पाट्यांमध्ये ग्रॅफाइटचं ग्रीस, पिना-बुश नवे. आणि गाडी घेऊन जाणाऱ्यांनी एवढं ऐकावं: दोन-तीनशे किलोमीटर झाले की यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्या. ढिल्या यू-बोल्टनं सेंटर बोल्ट तुटतो आणि अ‍ॅक्सल जागचा सरकतो.